बाबांनी पाणी सोडलं

बोटीवरून
४ सप्टेंबर

ताई,

आधी बाबांना उशी लावून नीट बसव आणि मग हे पत्र मोठ्याने वाच. फोनवर त्यांना ऐकू येत नाही आणि तू तर 'सगळं ठीक' याच्यापुढे एक शब्द बोलत नाहीस. बाबांनी आपल्या दोघींना नावं काही उगाच नाही ठेवली. मी गळती आणि तू व्हॉल्व्ह. जन्मभर रस्त्यारस्त्यांवर चावी फिरवून पाणी सोडलेल्या माणसाला मुलींसाठी दुसरं सुचणार तरी काय? तर गळती सुरू होते आहे, खाली बादली लाव.

बातमी अशी की आमच्या बोटीवर पाण्याच्या बाटल्या बंद करायचं घाटतं आहे. माझ्या हाताखाली एका मजल्याच्या खोल्या आहेत हे तुला माहीतच आहे. चादरी, टॉवेल, झाडलोट आणि पाणी. रोज सकाळी प्रत्येक पलंगाशेजारी नव्या बाटल्या ठेवायच्या आणि कालच्या उचलायच्या. कालच्या म्हणजे रिकाम्या नव्हेत. कुणी दोन घोट घेतलेले असतात, कुणी नुसतंच सील फोडून ठेवलेलं असतं, एका बाईंनी तर बाटलीत फूल खोचलं होतं. उष्टं पाणी दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून ते सगळं बेसिनमध्ये ओतायचं. बाटल्या तळमजल्यावरच्या यंत्रात चेपल्या जातात आणि त्यांचे गठ्ठे पुढच्या बंदरावर उतरतात. त्यांचं पुढे काय होतं ते त्या बंदरालाच ठाऊक.

आणि बाबा, ऐकताय ना? बोटीच्या नळाला जे पाणी येतं ते बोटीवरच समुद्रातून काढलेलं असतं. गाळलेलं, तपासलेलं, गोड. आम्ही कामाची माणसं तेच पितो आणि धडधाकट आहोत. म्हणजे आम्ही पाण्यावर राहतो, स्वतः पाणी तयार करतो, आणि तरी प्रत्येक बंदरावर पाणी विकत घेऊन चढवतो!

आता कंपनीने बाटलीऐवजी काय ठेवायचं ते शोधायला सांगितलं आहे. कागदी खोकी आली होती, त्यातलं एक मी फाडून पाहिलं. आतून चकचकीत अस्तर आणि वर प्लास्टिकचीच टोपी. ॲल्युमिनियमचे डबेही आले, पण ते एकदा उघडले की मिटत नाहीत, आणि बोट हलली की गादी भिजते. शेवटी आमच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, काचेची सुरई ठेवू आणि प्रत्येक मजल्यावर ती भरायला एक नळ देऊ. हा प्रयोग त्यांनी माझ्या मजल्याला दिला आहे. जमलं तर सगळ्या बोटीवर.

अडचण एकच आहे. बाटलीचं झाकण फिरवलं की 'कट्' असा आवाज येतो. त्या आवाजावर लोकांचा देवासारखा भरवसा आहे. सुरईला आवाज नाही. उघड्या पाण्यावर माणसाने विश्वास ठेवावा म्हणून काय करायचं, ते बाबांना विचार.

ताई, आता इथून पुढचं मनात वाच.

बाबा अजून तसेच आहेत का? मागच्या सुट्टीत त्यांचं पोट बिघडलं होतं म्हणून मी बाटल्यांचं खोकं आणलं, तर म्हणाले, "साऱ्या वस्तीला मी पाणी दिलं आणि माझ्या घरात दुकानातलं पाणी?" मीही म्हणाले की तुमचे नळ आता गंजलेत. मग मी निघाले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी एक शब्द पाठवलेला नाही. मला ते फार लागतं. इथे एवढी माणसं 'थँक्यू' म्हणतात, पण तेवढ्याने भागत नाही.

तुझी,
गळती


घरून
२२ सप्टेंबर

गळती,

मोठ्याने वाचायचं ते मोठ्याने वाचलं आणि मनातलं मनात.

बाबांना प्रश्न आवडला. उत्तर लगेच दिलं नाही. आधी म्हणाले, "आता बरं विचारायला सुचलं." मग जेवण झाल्यावर मला शिलाई मशीन थांबवायला लावलं आणि म्हणाले, लिहून घे. त्यांचेच शब्द खाली देते.

"पाणी सोडलं की मी चावी खांद्यावर टाकून पहिल्या नळावर जायचो. बायका रांग लावून उभ्या असायच्या. पण पहिली ओंजळ माझी. गढूळ आलं तर पहिल्यांदा माझ्या पोटात जाणार, हे सगळ्यांना दिसायला हवं. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. तिला सांग, देणाऱ्याने आधी प्यावं, समोरच्याच्या देखत. मग बघ कोण नाही म्हणतं."

एवढं बोलून झोपले. तुझं नाव घेतलं नाही, 'तिला' म्हणाले. पण 'तिला' तरी म्हणाले.

मी स्वतः बाटलीच्या बाजूची आहे. शिवायला बसले आणि शेजारी ग्लास असला की एकदा तरी गिऱ्हाइकाच्या कापडावर सांडतो. बाटली आडवी पडली तरी सांडत नाही. तुझ्या मॅडमना हे सांग, त्यांनी कधी शिवण केलं नसेल.

तुझं खोकं अजून पलंगाखाली आहे. फोडलेलं नाही आणि फेकलेलंही नाही. कुणी विचारलं तर बाबा म्हणतात, धाकटीचं सामान आहे, येईल तेव्हा नेईल.

ते जरा थकलेत. पायांवर सूज येते. काळजीचं काही नाही.

ताई


बोटीवरून
१४ ऑक्टोबर

ताई,

बाबांना आधी हे सांग की ओंजळ चालली!

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ होता. खोल्याखोल्यांतून घंटा. बाटल्या कुठे गेल्या? आम्ही एवढे पैसे भरले ते नळाचं पाणी प्यायला का? एका गृहस्थाने सुरई उजेडाकडे धरून तिच्यात काहीतरी पोहताना दिसतंय का ते पाहिलं. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. मग मी सकाळी फराळाच्या वेळी नळाशेजारी उभी राहायला लागले. कुणी आलं की आधी एक ग्लास भरायचा, त्यांच्यासमोर पूर्ण प्यायचा, रिकामा ग्लास दाखवायचा आणि मग त्यांची सुरई भरून द्यायची. बोलायचं काही नाही. आता लोक स्वतःहून सुरई घेऊन येतात. मी मात्र दुपारपर्यंत एवढं पाणी पिते की माझ्याबरोबरच्या मुली मला बोटीची दुसरी टाकी म्हणतात.

सगळंच सरळ चाललं आहे असं नाही. कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, एकटेच. त्यांचे हात थरथरतात. काल गेले तर पलंग भिजलेला, सुरई खाली पडलेली, आणि ते शरमून मला म्हणत होते की मीच हातरुमालाने पुसतो. काच जड असते ग. बाटली त्यांना दोन्ही हातांनी छातीशी धरून पिता येत होती. मी भांडारातून गुपचूप चार बाटल्या आणून त्यांच्या उशाशी ठेवल्या. मॅडमना सांगितलेलं नाही. प्रयोग माझा आणि पहिली चोरीही माझीच. तुझ्या त्या शिवणाची आठवण झाली.

आता महत्त्वाचं. माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. मॅडम म्हणतात, अजून सहा महिन्यांची सही कर, सगळ्या मजल्यांचं पाणी तुझ्याकडे देते. मला हे काम मनापासून करायचं आहे. पण बाबांना बरं नसेल तर मी सही करणार नाही, सरळ घरी येईन. आणि बाबांचा राग गेला नसेल तरी येईन, दारात बसून राहीन. खरं काय ते लिही. तुझ्या 'काळजीचं काही नाही' मध्ये कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटतं.

तुझी,
गळती


घरून
२ नोव्हेंबर

गळती,

तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हाताऱ्या गृहस्थांचं ऐकून बाबा म्हणाले, "बरं केलं."

सहीबद्दल विचारलं तर मला कागद-पेन आणायला सांगितलं. मग म्हणाले, एकच ओळ लिही, माझ्याकडून. बाकी काही लिहायचं नाही. मला त्यांनी तसा शब्द द्यायला लावला आहे, तो मी दिला.

ओळ अशी:

'बाबांनी पाणी सोडलं.'

मी विचारलं, एवढंच? तर म्हणाले, एवढंच.

तू तुझं ठरव.

ताई


बोटीवरून
९ नोव्हेंबर

ताई, बाबा,

हे पत्र दोघांना. सगळं मोठ्याने वाच, आज मनात वाचायचं काही नाही.

बाबांनी पाणी सोडलं! मी ती ओळ जिन्यात उभी राहून वाचली आणि तिथेच पायरीवर बसले. बाबा, तुम्ही चावी घेऊन खरंच रस्त्यावर गेलात? नवा चावीवाला तुम्हाला घेऊन गेला असणार. तो नेहमी म्हणायचा ना की चौकातला व्हॉल्व्ह तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. मला तुम्ही दिसलात. एक पाय पुढे, चावीवर सगळा भार, आणि जमिनीखालून पाण्याचा तो घरघर आवाज. म्हणजे सूज उतरली. म्हणजे ताई खरं बोलत होती आणि मीच उगाच संशय घेत होते.

आणि तुम्ही एवढीच ओळ का पाठवली तेही मला कळलं. तुम्ही रागावरही पाणी सोडलंत. असंच ना? नाहीतर माझ्यासाठी तुमच्याकडून ओळ आली नसती. मी दोन्ही अर्थ धरले आहेत, एकही परत देणार नाही.

मी सही केली. आता सगळे मजले. जेवणाच्या दालनात सुद्धा नळ बसतोय. मॅडमनी विचारलं, हे आधी पिऊन दाखवायचं कुणी शिकवलं, तर मी म्हणाले, आमच्या घरी तशी पद्धत आहे.

पलंगाखालचं ते खोकं आता शेजाऱ्यांना देऊन टाका. त्याच्यावरून आता भांडण नको.

तुमची,
गळती


घरून
१५ नोव्हेंबर

गळती,

मी शब्द मोडते आहे. बाबांना सांगून मोडते आहे.

तुझ्या कंपनीच्या ऑफिसात सकाळी फोन करून निरोप ठेवला आहे. तो तुला या पत्राच्या आधी मिळेल. पण निरोप घेणारा मनुष्य 'थोडक्यात सांगा' म्हणाला, आणि हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

बाबा रस्त्यावर गेले नाहीत. गेल्या महिन्यापासून ते पलंगावरून उठलेलेच नाहीत. त्यांनी पाणी सोडलं म्हणजे पाणी पिणं सोडलं. आधी अन्न नको म्हणाले, मग पाण्यालाही तोंड मिटून घ्यायला लागले. गिळताना त्रास होतो हे खरं, पण त्यांनी मनानेही आवरतं घेतलं होतं. डॉक्टर घरी येऊन सलाइन लावून जातात, त्याच्यावर आहेत. पहिल्या दिवशी बाबा त्या पिशवीकडे बघून म्हणाले, "शेवटी मलाच नळ जोडलात, आणि तोही प्लास्टिकचा." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

ती ओळ सांगितली तेव्हा मी म्हटलं होतं, बाबा, आपल्या घरात या शब्दांचा अर्थ तिला वेगळाच लागेल. ते म्हणाले, "लागू दे. खोटं तर नाही ना लिहिलं? ती सही करेल, कामाला लागेल. माझ्यापाशी येऊन तिने काय करायचं?" मी तसंच लिहिलं. व्हॉल्व्ह आहे ना मी. पत्र टाकून आले आणि मशीनवर बसून खूप रडले. बाबांना वाटलं मशीनचाच आवाज आहे.

मग काल तुझं पत्र आलं. बाबांना वाचून दाखवायचं नाही असं ठरवून उघडलं आणि मोठ्याने वाचत गेले. चावीचं ऐकताना ते हसत होते. गंमत जमली म्हणून खूश होते. मग 'तुम्ही रागावरही पाणी सोडलंत' हे आलं आणि त्यांचं हसू गेलं. मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, "रागाचं मी कुठे म्हणालो होतो?" मग म्हणाले, "ती एवढं धरून बसली होती का?" मी म्हटलं, हो बाबा, पहिल्या पत्रापासून.

नंतर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "काढ ते खोकं."

मी पलंगाखाली वाकून ओढून काढलं. एक बाटली घेतली. 'कट्' झालं. ते म्हणाले, "हाच का तो आवाज?" वाटीने दिलं तर ठसका लागला. चमचा दातांवर आपटत होता. मग मी बाटलीच्या झाकणातच पाणी घेतलं. ते बरोबर ओठांत बसतं ग. तेवढंच पाणी, सांडत नाही, ठसका लागत नाही. झाकणभर घेतलं, मग अजून झाकणभर. जिने त्यांना एवढा राग आणला तीच बाटली. आणि मला म्हणाले, "आता लिही तिला खरं काय ते. आणि बोलाव."

सहीचं काय करायचं ते तू बघ. ये.

ताई


बोटीवरून
२० जानेवारी

ताई,

परत आल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे. मी निघताना तू मला विचारलंस आणि मला बोलता आलं नाही. कधी नव्हे ते गळती बंद झाली होती.

तू विचारलं होतंस की मी पोचले त्या दुपारी, तू शिवलेले कपडे द्यायला गेली होतीस तेव्हा, खोलीत काय झालं. कारण त्याआधी दोन दिवस बाबा तुझ्या हातून काहीच घेत नव्हते, झाकणही नाही. आणि तू परत आलीस तर आम्ही दोघं हसत होतो आणि माझं तोंड रडून सुजलेलं.

मी पलंगाशी बसले. त्यांनी मला ओळखलं, पण बोलायला ताकद नव्हती. मी झाकणात पाणी घेऊन ओठांशी नेलं तर ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, एवढ्या लांबून आले आणि हे अजून रागावलेलेच आहेत. मी म्हणाले, "बाबा, चुकलं माझं, घ्या ना." त्यांनी मान हलवली. मग हात उचलला. केवढा वेळ लागला त्या हाताला ताई! आणि बोट माझ्याकडे केलं. मला कळेना. पुन्हा झाकण पुढे केलं, पुन्हा ओठ मिटले आणि पुन्हा ते बोट माझ्याकडे.

मग कळलं. देणाऱ्याने आधी प्यावं.

मी ते झाकणभर पाणी स्वतः प्यायले. झाकण उलटं करून त्यांना दाखवलं. त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं. मग मी पुन्हा भरलं आणि त्यांनी तोंड उघडलं. उष्टं पाणी दुसऱ्याला देता येत नाही असं मी तुला कधीतरी लिहिलं होतं. बाबा माझं उष्टं प्यायले. एक माझं, एक त्यांचं, असं करत अर्धी बाटली संपली आणि त्या गमतीला आम्ही हसत होतो. राग गेला असं ते म्हणाले नाहीत. त्यानंतर उरलेल्या दोन दिवसांत काहीच म्हणाले नाहीत. पण माझ्या हातून घेत राहिले, अगदी शेवटपर्यंत, हे तू पाहिलंसच.

मी करार मोडून घरी आले तरी मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी मला परत कामावर घेतलं. आता सगळ्या मजल्यांवर सुरया आहेत. काही लोक अजून खाली दुकानात जाऊन बाटल्या विकत घेतात, त्यांना मी अडवत नाही. मात्र मी मॅडमना स्पष्ट सांगितलं की प्रत्येक मजल्याच्या भांडारात लहान बाटल्यांचं एक खोकं राहील. ज्याचा हात थरथरतो, ज्याला गिळता येत नाही, त्याच्यासाठी. त्या म्हणाल्या, मग बाटल्या पूर्ण बंद झाल्या असं कंपनीला कसं कळवू? मी म्हटलं, तसं कळवू नका. वाद झाला. शेवटी खोकं राहिलं.

घरी उरलेल्या बाटल्या तू वापर, शिवताना. फेकू नकोस. झाकणं ठेव.

मी अजूनही रोज सकाळी नळाशेजारी उभी राहते आणि पहिला ग्लास पिते. लोकांना वाटतं की मी पाणी चांगलं असल्याची खात्री देते आहे. मी ग्लास उलटा करून दाखवते आणि मग समोरच्याच्या ओठांकडे बघत राहते, ते उघडेपर्यंत.

तुझी,
गळती